छोट्या हॉलमधली जागतिक संगीत-नृत्याची रात्र: आधी पाय, मग कान

"वाजवलं छान, पण कोणी नाचलं नाही." छोट्या हॉलमध्ये देशोदेशीच्या संगीत-नृत्याच्या रात्री भरवणाऱ्यांकडून हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं आहे. कारण विचारत गेलं की जवळपास नेहमी एकच निघतं: कामं उलट्या क्रमाने झालेली असतात. आधी कलाकार ठरतात, मग पोस्टर, मग खुर्च्यांच्या रांगा, मग साउंड. नाचायची जागा म्हणून उरते ती मंचापुढची दीड मीटरची पट्टी. तिथे पहिलं पाऊल टाकायचं म्हणजे शंभर बसलेल्या माणसांच्या नजरेसमोर टाकायचं. मग कोण उठणार?

म्हणून क्रम फिरवा. पाय कुठे पडणार हे आधी ठरवा, मग खुर्च्या, मग आवाज. खालचे टप्पे ऐंशी ते दीडशे माणसांच्या हॉलसाठी आहेत. मंच बुटका किंवा नाहीच, साउंड भाड्याचा किंवा स्वतःचा लहानसा, आणि हात स्वयंसेवकांचे, असं गृहीत धरलं आहे.

## टप्पा १: नाच कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा (दोन महिने आधी)

"लोक नाचतील" एवढं पुरेसं नाही. छोट्या हॉलच्या दृष्टीने नाचाचे चार प्रकार पडतात आणि प्रत्येकाची जागेची मागणी वेगळी असते.

बघायचा नाच: स्पेनचा फ्लेमेंको, भरतनाट्यम, आयरिश स्टेप डान्स. इथे कलाकार नाचतो आणि लोक बघतात. त्याचे पाय शेवटच्या माणसालाही दिसायला हवेत. मंच नसेल तर पहिल्या दोन रांगांच्या मागे बसलेल्यांना फक्त खांदे दिसतात.

फेराचा किंवा ओळीचा नाच: आयरिश-स्कॉटिश केली, बाल्कनमधले फेर. केलीमध्ये माइकवरून पावलं सांगणारा माणूस असतो, त्याला कॉलर म्हणतात.

जोडीचा नाच: साल्सा, टँगो, ब्राझीलचा फोहो.

मोकळा नाच: पश्चिम आफ्रिकेचे ढोल, कोलंबियाची कुंबिया. जो तो आपल्या जागी नाचतो.

आता हिशोब करा. मोकळ्या नाचाला माणशी साधारण एक चौरस मीटर धरा, जोडीच्या नाचाला जोडीमागे दोन ते अडीच. केलीतल्या चार जोड्यांच्या एका चौकोनाला चार मीटर बाय चार मीटर सोडा. फेराचं गणित वेगळं आहे आणि तिथेच लोक फसतात. हात धरून उभ्या माणसाला सुमारे ८० सेंटिमीटर लागतात. तीस जणांचा फेर म्हणजे २४ मीटर परीघ, म्हणजे साधारण साडेसात मीटर व्यास. हॉल आठ मीटर रुंद असेल आणि दोन्ही भिंतींना खुर्च्यांची एकेक रांग असेल, तर हा फेर मावत नाही. मग एकात एक असे दोन फेर करायचे, किंवा पुढच्या माणसाने रांग आत वळवत न्यायची. हे त्या रात्री सुचत नाही, आधी ठरवावं लागतं.

याच टप्प्यावर कलाकारांना एक प्रश्न विचारा: यातलं काही धार्मिक विधीचं आहे का? तुर्कस्तानच्या मेव्हलेवी या सूफी परंपरेतला सेमा, म्हणजे गिरक्यांचा नाच, हा मुळात उपासनेचा भाग आहे. क्यूबातल्या बाटा ढोलांत विधीपूर्वक अभिमंत्रित केलेले ढोल वेगळे आणि साधे वेगळे असतात. विधीतलं काही सादर होणार असेल तर लोकांनी टाळ्या वाजवायच्या की नाही, उठायचं की नाही, फोटो काढायचे की नाही, हे कलाकारांनीच सांगायचं असतं.

तपासा: एका वाक्यात लिहून काढा. "पहिल्या भागात बघायचं, दुसऱ्या भागात सगळ्यांनी फेर धरायचा, एका वेळी चाळीस जण." हे वाक्य लिहिता येत नसेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

## टप्पा २: हॉल रिकामा असताना जाऊन मोजा

टेप, वही, जुना सुती मोजा आणि दोन धडधाकट मित्र घेऊन जा.

जमीन. दोघांना एकदम उड्या मारायला सांगा आणि स्वतः मीटरभर अंतरावर तळहात जमिनीला टेकवा. लाकडी तुळयांवर टाकलेली फळ्यांची जमीन हाताला थरथरलेली कळते. काँक्रीटवर चिकटवलेली फरशी मुकी राहते. मुक्या जमिनीवर तासभर उड्यांचा नाच करवला की दुसऱ्या दिवशी लोकांच्या पोटऱ्या आणि गुडघे बोलतात. अशा हॉलमध्ये नाच करू नका असं मी म्हणत नाही, पण उड्यांचे नाच कमी आणि सरकत्या पावलांचे जास्त निवडा.

मग तो सुती मोजा हातात घालून लाकडी जमिनीवर घासत फिरवा. जिथे धागा अडकतो तिथे कुसळ आहे. अनवाणी नाच असेल तर हे काम टाळू नका. मी एकदा ते टाळलं होतं. मध्यंतरात नर्तकी खुर्चीवर बसून मोबाइलच्या उजेडात टाचेतलं कुसळ काढत होती आणि वादक बाहेर थांबले होते. तेव्हापासून मोजा कायम माझ्या पिशवीत असतो.

सावधान: जमीन चिकट वाटली म्हणून पावडर टाकू नका. पहिली दहा मिनिटं बरं वाटतं, मग ती कोपऱ्यांत सरकते आणि तिथेच कोणीतरी घसरतं. ओल्या फडक्याने दोनदा पुसून पूर्ण वाळू द्या.

फ्लेमेंकोच्या बुटांना टाचेला आणि चवड्याला बारीक खिळे असतात. पॉलिश केलेल्या जमिनीवर ते थेट वाजवू दिले तर हॉल पुन्हा मिळणार नाही, आणि फरशीवर ते बूट बोलतही नाहीत. त्यासाठी १८ मिलिमीटर जाडीचं प्लायवूड लागतं. सव्वा मीटर बाय अडीच मीटरच्या दोन फळ्या शेजारी ठेवल्या की अडीच मीटरचा चौकोन होतो. एका नर्तकीला तेवढा पुरतो. खाली पातळ रबरी चटई घाला म्हणजे फळ्या सरकणार नाहीत. जोडावर आणि चारही कडांना गॅफर टेप लावा. जोडावर उंचसखलपणा बोटाला लागला तर तो पायालाही लागणार.

वीज. कोणते सॉकेट एकाच सर्किटवर आहेत ते फ्यूजच्या पेटीतला एकेक स्विच बंद करून शोधा. साउंड एका सर्किटवर, दिवे दुसऱ्यावर, चहा-कॉफीचं टेबल तिसऱ्यावर. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ३००० वॅटची किटली एकटीच सुमारे १३ अँपिअर खेचते. ती साउंडच्या सर्किटवर लागली की मध्यंतर संपता संपता, नेमका दुसरा भाग सुरू होताना, फ्यूज जातो. स्पीकरमध्ये घुंई आली तर प्लगची अर्थिंग काढून टाकण्याचा 'उपाय' कोणी सुचवेल. तो जिवावर बेतणारा आहे. केबल बदला, डीआय बॉक्सवरचं (वाद्याची वायर मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्ट बटण वापरा, पण मुख्य विजेची अर्थिंग काढू देऊ नका.

आवाजाचा लिमिटर. निवासी भागातल्या बऱ्याच हॉलमध्ये भिंतीवर एक डबी असते. आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे काही सेकंद गेला की ती सॉकेटची वीज तोडते. हॉल बुक करतानाच विचारा: लिमिटर आहे का, किती डेसिबलवर लावलाय, आणि कोणत्या सॉकेटना जोडलाय? पुष्कळांचा समज असतो की स्पीकर हळू ठेवला की झालं. पण जेंबे हा ढोल स्पीकरशिवायच जवळून १०० डेसिबलच्या पलीकडे सहज जातो. आमच्या एका रात्री तीन जेंबे सुरू झाले आणि चौथ्या मिनिटाला मिक्सर, दिवे, सगळं गेलं. ढोल मात्र अंधारात वाजतच राहिले. लिमिटर कडक असेल तर ढोलांचा ताफा त्या हॉलसाठी नाही, हे वेळेवर मान्य करा.

माणसांची मर्यादा. बसलेल्यांचा आकडा वेगळा, उभ्यांचा आणि नाचणाऱ्यांचा वेगळा. लेखी मागून घ्या. त्या आकड्यात वादक आणि स्वयंसेवकही मोजायचे असतात. बाहेर पडायचे सगळे दरवाजे स्वतः उघडून बघा. धुराचं मशीन वापरायचं असेल तर आगीची सूचना देणारे सेन्सर कोणत्या जातीचे आहेत ते आधी विचारा, नाहीतर तिसऱ्या गाण्याला हॉल रिकामा होईल.

## टप्पा ३: कलाकारांकडून लेखी माहिती घ्या (सहा आठवडे आधी)

फोनवर "सगळं ठीक आहे" असं ठरवून चालत नाही. या गोष्टी लिहून मागवा:

१. कोण कुठे बसणार किंवा उभं राहणार, याचं हाताने काढलेलं चित्र.
२. प्रत्येक वाद्याचा आवाज कसा घ्यायचा: माइक, पिकअप (वाद्यालाच चिकटवलेला छोटा माइक) की काहीच नको. पिकअपला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरमधून केबलवाटे येणारी वीज, लागते का, हेही.
३. सूर लावायला लागणारा वेळ.
४. पायात काय असतं आणि जमीन कशी हवी.
५. लोकांनी काय करावं: ऐकावं, टाळ्या वाजवाव्यात, नाचावं, सोबत गावं?
६. नावांचा आणि वाद्यांचा उच्चार, त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून.

सूर लावायच्या वेळेबद्दल थोडं सविस्तर. पश्चिम आफ्रिकेच्या कोराला २१ तारा असतात. थंड गाडीतून गरम हॉलमध्ये आलेला कोरा लगेच सुरात बसत नाही. जेंबेचं कातडं दमट हवेत सैल पडतं. म्हणून वाद्यं हॉलमध्ये आणून, खोळी उघडून, निदान तासभर तशीच ठेवायची सोय हवी. हीटरला किंवा उन्हाच्या खिडकीला टेकवून नाही, हॉलच्याच हवेत.

दुसरी गोष्ट साउंडवाल्याला आधी सांगायची. झिंबाब्वेच्या म्बिराला, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या वाद्याला, बाटल्यांची झाकणं किंवा शिंपले लावलेले असतात. लोखंडी पट्टी छेडली की तेही झणझणतात. पुष्कळशा कोरांच्या घोडीवरही कड्या लावलेला पत्रा असतो. ही झणझण म्हणजे बिघाड नाही, ती वाद्याच्या आवाजाचाच भाग आहे. आपल्याकडे तानपुऱ्याच्या जवारीला जो मान आहे तोच तिला. मी एका साउंड चेकला बघितलं आहे: तंत्रज्ञ बिचारा अर्धा तास ती 'खरखर' इक्वलायझरने कापत होता, आणि वादक गप्प बसून आपलं वाद्य अनोळखी होताना ऐकत होता. त्याला भाषा येत नव्हती आणि आम्ही कोणी विचारलं नाही.

कपडे बदलायला कडी असलेली खोली, आरसा आणि पाणी हवं. नर्तकांना अंग गरम करायला वीस मिनिटं आणि थोडी जागाही हवी. हे बाथरूममध्ये भागवायला लावू नका.

परवानग्यांचं थोडक्यात: संगीत सादर करण्याचा परवाना हॉलकडे आहे की आयोजकाने घ्यायचा, ते हॉलला विचारा. पारंपरिक धून कुणाच्या मालकीची नसली तरी तिची नवी मांडणी कुणाची तरी असू शकते, म्हणून वाजवलेल्या रचनांची यादी जपून ठेवा. परदेशातून येणाऱ्या कलाकाराला कार्यक्रमाच्या देशात काम करायची परवानगी आहे का, ते पोस्टर छापायच्या आधी कागदावर बघा.

## टप्पा ४: मांडणी

खुर्च्या शेवटी येतात. आधी नाचाचा चौकोन खडूने किंवा कागदी टेपने जमिनीवर आखा. मग वादक, मग ये-जा करायच्या वाटा. जे उरेल ते खुर्च्यांचं.

दीडशेच्या आतल्या हॉलमध्ये मी वादकांना अरुंद बाजूला ठेवते, फार तर तीस सेंटिमीटर उंच चौथऱ्यावर. उंच मंच असला तरी केली आणि फेरांच्या रात्री तो मोकळा सोडून वादकांना खाली बसवते. नाचणाऱ्यांना ढोलकऱ्याचे हात दिसले की पाय आपोआप लागतात. बघायच्या नाचाला मात्र उंची हवीच.

खुर्च्या माणसांच्या निम्म्याच मांडा. दोन्ही लांब भिंतींना पाठ लावून एकेक रांग, आणि थोड्या मागे. मंचासमोर एकही नाही. रांगा लावल्या की लोक प्रेक्षक होतात. कडेला बसलेला माणूस पाय हलवत हलवत कधी उभा राहतो ते त्यालाही कळत नाही. वयस्कर मंडळी आणि व्हीलचेअरवरून आलेल्यांची जागा मागच्या कोपऱ्यात देऊ नका. नाचाच्या कडेलाच, नीट दिसेल अशी, नावाची चिठ्ठी लावून राखून ठेवा. व्हीलचेअरवरून फेरात यायचं असेल तर कॉलरला आधी सांगा. हात धरायची उंची आणि वळणाची जागा तो बदलून घेईल.

पेयांचं टेबल नाचाच्या चौकोनापासून जितकं लांब नेता येईल तितकं न्या. सांडलेला एक थेंब पुरतो. पुसायचं फडकं आणि एक माणूस तिथे नेमून ठेवा.

उजेडाचा विचार लोक करतच नाहीत. ट्यूबलाइटच्या झगझगाटात कोणी नाचत नाही आणि पूर्ण काळोखात पावलं शिकता येत नाहीत. शिकवताना उजेड पुरता ठेवा. वादन सुरू झालं की नाचाच्या चौकोनावरचा निम्मा करा, वादकांवरचा तसाच. पायवाटांवरचे आणि दरवाजांवरचे दिवे कधीच मालवायचे नाहीत.

तपासा: चौकोनाच्या मध्यावर उभं राहून हात पसरा आणि एक गिरकी घ्या. मग तिथून प्रत्येक दरवाजापर्यंत, वाटेतली एकही खुर्ची न हलवता चालत जा.

## टप्पा ५: आवाज

आधी एक टाळी वाजवा. बारा मीटर लांब हॉलच्या एका टोकाला टाळी वाजवली तर मागच्या भिंतीवरून ती साधारण ७० मिलिसेकंदांनी परत येते. तेवढ्याने ढोलाची एक थाप दोन ऐकू येते आणि नाचणाऱ्यांचे पाय गोंधळतात. उपाय महागडा नाही. मागच्या भिंतीवर जाड पडदे किंवा घोंगड्या टांगा आणि स्पीकरची तोंडं किंचित खाली, माणसांवर वळवा.

दुसरं पाऊल सर्वांत जास्त चुकतं: सगळ्यांसमोर माइक लावले जातात. छोट्या हॉलमध्ये ढोलांना माइक नको. उलट विचार करा. सगळ्यात मोठ्या वाद्याला स्पीकरशिवाय वाजवू द्या, हॉलच्या मागे जाऊन ऐका, आणि मग जे ऐकू येत नाही तेवढंच वाढवा. बहुतेक वेळा ते गळा, कोरा, ऊद (अरबी तंतुवाद्य), बासरी असतं. मोरोक्कोच्या ग्नावा संगीतात कराकेब, म्हणजे लोखंडी चिपळ्या, अख्खा हॉल भरून टाकतात आणि तीन तारांचं खोल आवाजाचं गिंब्री त्यात बुडतं. तिथे गिंब्री वाढवायचं, कराकेबना हातही लावायचा नाही.

माइक आणि मॉनिटर (कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) यांची जागा जुळली नाही की स्पीकरमधून शिट्टी वाजते. शुअर कंपनीच्या एसएम५८ सारखा साधा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, माइक बरोबर मागून कमीत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर त्याच्या थेट मागे ठेवायचा. सुपरकार्डिऑइड माइकचं तसं नसतं, तो थोडा मागूनही ऐकतो. त्याचा बहिरा कोन समोरून साधारण १२६ अंशांवर असतो, म्हणून मॉनिटर मागच्या डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यात. माइक कोणता आहे हे न बघता मॉनिटर ठेवायचे आणि मग रात्रभर शिट्टीशी झगडायचं, असं होतं.

स्पीकर स्टँडवर, डोक्यांच्या वर, दोन मीटरच्या आसपास. जमिनीवर ठेवले तर पहिली रांग बहिरी होते आणि माणसांची अंगं वरचे सूर शोषून घेतात, मागे फक्त गुरगुर पोचते. स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या टाका आणि ते नाचाच्या चौकोनाबाहेर ठेवा.

फ्लेमेंकोच्या फळीला जमिनीवर ठेवायचा सपाट माइक कडेला टेपने चिकटवा आणि त्याचे खालचे सूर थोडे कापा, नाहीतर प्रत्येक टाच बाँबसारखी वाजते. कॉलरचा माइक पूर्णपणे कोरडा हवा. त्यावर एको चढला की "उजवीकडे" आणि "मागे" एकमेकांत मिसळतात.

साउंड चेक उलट्या क्रमाने करा: शेवटी वाजवणारा ताफा आधी, सगळ्यात आधी वाजवणारा शेवटी. म्हणजे दार उघडताना मंचावर पहिल्या ताफ्याचीच मांडणी तयार असते.

रिकामा हॉल घुमतो, भरलेला घुमत नाही. साउंड चेकला चकचकीत वाटलेले वरचे सूर कापून टाकले तर लोक आल्यावर सगळं मंद होतं. चेकला थोडंच कापा, पहिल्या दोन गाण्यांत कान देऊन पुन्हा बघा.

सावधान: आवाजाची पातळी मोजा. कामाच्या जागी ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीताच्या जागांसाठी जी मानकं दिली त्यांतही पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल ही कमाल आहे. छोट्या हॉलमध्ये नाचायला ९० ते ९५ भरपूर होतात. मुलांना स्पीकरपुढे उभं राहू देऊ नका आणि दारातच कानात घालायचे बोळे ठेवा.

## टप्पा ६: रात्रीचा क्रम

मला पटलेला क्रम असा: दार उघडल्यावर पंधरा मिनिटं हलकं रेकॉर्डेड संगीत, अर्धा तास पावलं शिकवणं, लगेच पहिला भाग चाळीस मिनिटांचा, वीस मिनिटं मध्यंतर, दुसरा भाग पन्नास मिनिटांचा.

'लगेच' हा शब्द महत्त्वाचा आहे. शिकवणं आणि पहिली धून यांच्यामध्ये भाषण, सत्कार, प्रायोजकांचे आभार असं काहीही घालू नका. पाच मिनिटं लोक खाली बसले की शिकलेलं पाऊल गेलं. शिकवलं तीच पावलं पहिल्या धूनीला लागली पाहिजेत, आणि शिकवताना त्याच वादकांपैकी एखादा ढोलकरी हळू लयीत साथीला असावा. सूत्रसंचालकाने तीन वाक्यं बोलावीत: कोण, कुठून, आणि आता तुम्ही काय करायचं.

शिकवताना आकडे कमी, बोल जास्त. बाल्कनमधल्या सात मात्रांच्या नाचाला "एक ते सात मोजा" म्हटलं की चेहरे ताठ होतात. तीन-दोन-दोन अशी विभागणी असेल तर आपल्याला तो रूपक तालाचा हिशोब ओळखीचा आहे. "लां-ब, छोटं, छोटं" असं म्हणवून घ्या आणि फक्त त्या तीन ठिकाणी पाऊल टाकायला लावा. बल्गेरियाच्या रचेनित्सात तेच उलटं, दोन-दोन-तीन: "छोटं, छोटं, लां-ब". आधी टाळी, मग जागच्या जागी पाय, मग हात धरून फेर. या क्रमात कधी घाई करू नका. जोडीच्या नाचात दर दोन मिनिटांनी जोडीदार बदलायला सांगा. एकटे आलेले त्यामुळेच टिकतात. बदलायचं नसेल तर नाही म्हणायची मोकळीक आहे, हे शिकवणाऱ्याने सुरुवातीलाच मोठ्याने सांगावं.

सावधान: फ्लेमेंकोच्या बऱ्याच प्रकारांत बारा मात्रांचं आवर्तन असतं आणि टाळ्या हे तिथलं वाद्यच आहे. लोकांनी उत्साहाने सरळ चारच्या टाळ्या धरल्या की नर्तकीचं लक्ष ताल सोडून लोकांना सांभाळण्यात जातं. "टाळ्या आम्ही वाजवू, तुमच्या शेवटी" असं प्रेमाने आधीच सांगून टाका.

पहिली धून मध्यम लयीची असावी. सर्वांत जोरकस रचना पहिल्यांदा वाजवायचा मोह वादकांना होतो. त्यांना समजवा की ती दुसऱ्या भागात तिसरी ठेवली तर सगळा हॉल तिच्यावर नाचेल. आणि पाऊल येणारे सहा जण आधीच सांगून ठेवा. ते मध्ये घोळक्याने नाही, चौकोनाच्या कडेने, बसलेल्यांच्या जवळ विखरून उभे राहिले पाहिजेत. नवख्या माणसाला शेजारी एक हात मिळाला की तो उठतो.

## टप्पा ७: नाच रंगात आल्यावर

इथे आयोजकाने नाचायचं नाही. दोन माणसं कामावर हवीत, एक जमिनीकडे बघणारा, एक दाराशी.

जमिनीवाल्याच्या हातात फडकं आणि टॉर्च. कोणी पडलं तर त्याने हात वर करायचा आणि वादकांनी थांबायचं, ही खूण साउंड चेकलाच ठरवून घ्या. दारावाला आत-बाहेर मोजतो आणि लिमिटरच्या दिव्यावर नजर ठेवतो. नारिंगी लागला की साउंडवाल्याला खूण.

शंभर नाचणारी माणसं हॉल अर्ध्या तासात तापवतात. खिडक्या उघडल्या तर आवाज बाहेर जातो, म्हणून धूनींच्या मध्ये उघडायच्या, वाजताना मिटायच्या. मध्यंतरात सगळ्या सताड. पाणी सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी, फुकट.

शेवटची रचना संथ ठेवा, किंवा एकच मोठा फेर धरून लय हळूहळू उतरवा. टिपेला जाऊन एकदम थांबलं की लोक घामाघूम, मोठमोठ्याने बोलत रस्त्यावर येतात आणि पुढच्या वेळी शेजाऱ्यांची तक्रार हॉलच्या दारात असते.

## टप्पा ८: त्याच रात्री

कलाकारांचं मानधन वाद्यं खोळीत जायच्या आधी, पाकिटात, हिशोबाच्या कागदासह. त्यांना मागत फिरायला लावू नका.

आधी वाद्यं गाडीत, मग साउंड, मग खुर्च्या. खुर्च्या आधी हलवल्या की कोणाच्या तरी हातातल्या चार पायांवर कोरा आदळतो. टेप गरम असतानाच, जमिनीला समांतर ओढत काढा, वर उपटू नका. प्लायवूड उचललं की खालची जमीन टॉर्चने बघा आणि ओरखडा असेल तर हॉलवाल्यांना आपणच सांगा.

आणि दिवे मालवायच्या आधी वहीत पाच ओळी: किती माणसं आली, किती नाचली, शिट्टी कोणत्या माइकवर आली, कोणत्या धूनीला फेर मोडला, कोणत्या सर्किटवर किटली होती. वादकांना वाजवलेल्या रचनांची यादी त्याच पानावर लिहून मागा. दुसऱ्या दिवशी त्यांतली निम्मी नावं कोणालाच आठवत नाहीत.